नांगराने उचलला की बर्फ बदलतो

पहाटे साडेपाचला उठून मी घरापुढची गाडीवाट साफ केली. रात्री वीतभर बर्फ पडला होता, पण अगदी पिठासारखा हलका. फावडं भरून उचललं तरी हाताला वजन लागत नव्हतं. आत येऊन चहा टाकला, तेवढ्यात दिवे लुकलुकवत स्नो-प्लाऊचा, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगराचा ट्रक गेला आणि माझ्या वाटेच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा बांध घालून गेला. अमेरिकेतल्या मिनेसोटात राहणाऱ्यांना याचं नवल नाही. म्हटलं, चहा पिऊन मग बघू. तासाभराने बाहेर येऊन फावडं घातलं, तर ते टणकन परत आलं.

एकाच ढगातून, एकाच रात्री पडलेला बर्फ. अंगणातला फुंकरीने उडत होता आणि बांधातला पहारीने फोडावा लागला. मधल्या काळात त्याचं एवढंच झालं होतं की नांगराच्या पात्याने तो उचलून बाजूला टाकला होता. रस्त्याकडेच्या चरातून स्नोमोबील, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची गाडी, चालवणाऱ्यांची निम्मी गाऱ्हाणी याच एका गोष्टीतून निघतात.

आपल्याकडे गोळेवाला काय करतो ते आठवा. रंध्यावर बर्फ किसतो, तो चुरा काडीभोवती धरतो आणि मुठीत दाबतो. डिंक नाही, गोंद नाही, तरी गोळा काडीला धरून राहतो. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकले की आपोआप जुळतात, हे मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्ये लंडनच्या श्रोत्यांपुढे मांडलं होतं. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंसारखे घट्ट बांधलेले नसतात. ते सरकतात, उडतात आणि दोन कण जिथे टेकलेले असतात त्या खाचेत जाऊन बसतात. तिथे एक बारीक मान तयार होते आणि हळूहळू जाड होते.

उणे दहा अंशांतही हे घडतं याचं कारण असं की बर्फाच्या दृष्टीने उणे दहा हे गारठ्याचं तापमान नव्हेच. निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर बर्फ २७३ केल्विनला वितळतो आणि उणे दहा अंश म्हणजे २६३ केल्विन. वितळायला जेमतेम चार टक्के कमी! लोखंडाला त्याच्या वितळणबिंदूच्या इतकं जवळ न्यायचं तर १,४७० अंश सेल्सियसच्या आसपास तापवावं लागेल. एवढ्या तापलेल्या लोखंडाचे दोन तुकडे टेकले तर ते जुळतील, याचं कुणाला आश्चर्य वाटणार नाही. आपल्याला थंडगार वाटणारा बर्फ स्वतःच्या मोजमापात कायम भट्टीतच असतो.

मग अंगणातला बर्फ का जुळून आला नाही? तोही जुळतो, पण सावकाश. ताजे स्फटिक चांदण्यांसारखे, लांब पाकळ्यांचे असतात. ते एकमेकांना टोकांनीच टेकतात आणि मध्ये हवाच हवा राहते. अशा एका घनमीटर बर्फाचं वजन पन्नास ते शंभर किलो भरतं, तर पाण्याचं हजार किलो. नांगराचं पातं त्या पाकळ्या मोडतं, भरडतं आणि चुऱ्यात मोठ्या-बारीक कणांची सरमिसळ करतं. बारीक कण मोठ्यांच्या फटीत बसतात, टेकण्याच्या जागा कितीतरी पटींनी वाढतात आणि प्रत्येक जागी मान धरू लागते. घनता तीनशे-चारशेच्या पुढे जाते. अमेरिकी लष्कराने याचा जाणूनबुजून उपयोग केला आहे. १९५९ मध्ये ग्रीनलंडच्या हिमथरात ‘कॅम्प सेंच्युरी’ हा तळ बांधताना त्यांनी स्विस बनावटीच्या ‘पीटर’ यंत्रांनी चर खणले, वर पत्र्याच्या कमानी टाकल्या आणि त्यांच्यावर यंत्रातून निघालेला चुरा उडवला. तो चुरा बसला आणि त्याचंच छत झालं. माझ्या दारातला बांध म्हणजे त्या छताचा गरीब भाऊबंद.

आता चराकडे येऊ. मिनेसोटात स्नोमोबीलच्या वाटा, म्हणजे ट्रेल, सुमारे २२,००० मैल आहेत. किलोमीटरमध्ये पस्तीस हजारांच्या वर. बहुतेक वाटांची निगा गावोगावचे क्लब सरकारी अनुदानावर, पण स्वतःच्या अंगमेहनतीने राखतात. पोलारिस आणि आर्क्टिक कॅट या स्नोमोबील बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या याच राज्याच्या उत्तर टोकाला जन्मल्या, तेव्हा इथे हा छंद कमी आणि संस्कार जास्त. जंगलातून, गोठलेल्या तळ्यांवरून जाणाऱ्या ट्रेल आहेत, तशाच कित्येक मैल महामार्गाच्या कडेच्या रुंद चरातूनही जातात. कायदाही त्या बेताने लिहिलेला आहे. मोठ्या रस्त्यांच्या डांबरावर, साइडपट्टीवर किंवा चराच्या रस्त्याकडच्या उतारावर स्नोमोबील चालवायची नाही. चराच्या तळातून किंवा पलीकडच्या उतारावरून जायचं. रात्री रस्त्याच्या उजव्या बाजूच्या चरातून, शेजारच्या वाहतुकीच्या दिशेनेच जायचं. नाहीतर समोरून येणाऱ्या मोटारवाल्याला एक दिवा भलत्याच बाजूला दिसतो आणि तो गोंधळतो.

मात्र हा चर मुळात स्नोमोबीलसाठी खणलेला नाही. उन्हाळ्यात पावसाचं पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ साठवायची ती जागा. म्हणजे ट्रेल जाते ती रस्त्याच्या कोठारातून.

नांगर ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने चालतो तेव्हा वाकड्या पात्यावरून बर्फ वर चढतो, गुंडाळला जातो आणि बाजूला फेकला जातो. खळ्यात धान्य उफणताना दाणे पायाशी पडतात आणि भूस लांब उडतं. इथे नेमकं उलट घडतं. भुकटीला हवा अडवते, ती ट्रकमागे धुरळ्यासारखी लोंबकळत राहते, आणि जड ढेकळं दूरवर जाऊन पडतात. रस्त्यालगत मऊ थर आणि चराच्या तळाशी, नेमकं स्नोमोबीलच्या वाटेवर, नारळाएवढे गोळे. फेकला की तिथेच संपलं असं नाही. ते गोळे तासाभरात एकमेकांना आणि खालच्या बर्फाला चिकटतात. त्यावर पुन्हा चार बोटं ताजा बर्फ पडला की वरून सगळं सपाट, पांढरंशुभ्र दिसतं.

क्लबवाल्यांना खरं भय असतं ते वादळाच्या दिवसाचं नाही, त्यानंतरच्या स्वच्छ उन्हाच्या दिवसाचं. चार-पाच वेळा नांगर फिरला की साइडपट्टीवर बर्फाची भिंत उभी राहते. पुढच्या बर्फाला जागा उरत नाही आणि भिंतीमागे वारा मंदावून बर्फाची रास उलट रस्त्यावरच साचू लागते. म्हणून निरभ्र दिवशी ट्रक बाजूचं पंखासारखं पातं उघडून पुन्हा येतो आणि त्या भिंतीचा माथा कापून पलीकडे ढकलतो. आता हा बर्फ आठवडाभर मुरलेला, एकदा भरडलेला, रस्त्यावर टाकलेल्या मिठावाळूने माखलेला असतो. त्याच्या लाद्याच निघतात. आदल्या रात्रीच क्लबच्या कुणीतरी ग्रूमर फिरवलेला असतो. ग्रूमर म्हणजे रुंद पट्ट्यांचा ट्रॅक्टर आणि त्यामागे ओढलेलं कुळव आणि फळी यांच्या मधलं एक अवजार. ते उंचवटे कापतं, चुरा कालवतं, दाबतं आणि रात्रभर बसू देतं. नांगर नकळत जे करतो तेच ग्रूमर मुद्दाम करतो. भरडायचं आणि मान धरू द्यायची. दोघांचं शास्त्र एकच, फक्त एकाला सपाट गादी हवी असते आणि दुसऱ्याला बर्फ नजरेआड झाला की पुरे. रात्रीची ती मेहनत सकाळच्या अर्ध्या तासात लाद्यांखाली जाते. यात ट्रकचालकाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याच्या मागे शाळेची बस येत असते.

घरांच्या गाडीवाटा हा वेगळाच ताप. शेतावरची प्रत्येक गाडीवाट चर ओलांडते, खाली मोरी असते. घरमालक आपला बर्फ ढकलतो तो सोयीने मोरीच्या शेजारी, म्हणजे बरोब्बर ट्रेलच्या नाकासमोर. ढगाळ दुपारी पांढऱ्यावर पांढरं काहीच उठून दिसत नाही, सावलीच पडत नाही. तो ढीग कळतो तो स्की आपटल्यावर.

यंत्राला काय लागतं तेही पाहू. स्नोमोबीलला बर्फ नुसता घसरायला लागत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरऐवजी सीटखालच्या पत्र्यात उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या असतात. मागचा फिरता पट्टा त्यांच्यावर बर्फ उडवत राहतो, तेव्हा इंजिन निवतं. तो पट्टा ज्या प्लास्टिकच्या फितींवरून सरकतो, त्यांना वंगण म्हणूनही उडता बर्फच. वाट दगडासारखी घट्ट झाली की उडायला काही उरत नाही. तापमानाचा काटा चढतो, फिती घासून वितळू लागतात. म्हणून पुष्कळजण मागे स्प्रिंगच्या काड्या लावतात. त्या वाट खरवडत जातात आणि थोडा चुरा उडवतात. वाळू आली तर तिचा आणखी जाच. स्कीखालच्या कठीण धातूच्या धारा, ज्यांच्या जोरावर वळण घेता येतं, त्या झपाट्याने बोथट होतात.

मिठाचं गणित पॉटमधलं आइस्क्रीम केलेल्यांना सांगायला नको. खडेमीठ बर्फात मिसळलं की वितळणबिंदू खाली जातो, २३ टक्क्यांच्या मिठवणीत तो उणे २१ अंशांपर्यंत उतरतो. रस्त्यावर मात्र उणे नऊ-दहाच्या खाली मीठ इतकं मंद चालतं की उपयोग नसल्यासारखाच, मग वाळू टाकतात. चाकांनी उडालेलं खारं पाणी चरात झिरपतं, दिवसा वाटेचा रबडा होतो, रात्री त्याची काच. वाळूमिश्रित काळपट बर्फ ऊनही जास्त शोषतो. ताजा बर्फ ऐंशी-नव्वद टक्के प्रकाश परतवतो, मळका त्याहून पुष्कळ कमी. पूर्व-पश्चिम रस्त्याच्या उत्तरेकडच्या चराचा पलीकडचा उतार दक्षिणेला तोंड करून असतो, म्हणजे सूर्याकडे. कायद्याने जिथून जायची मुभा आहे तोच उतार मार्चमध्ये सगळ्यात आधी उघडा पडतो.

जंगलात हाच वाद उलटा होतो. उत्तर मिनेसोटातली बरीच जमीन दलदलीची. तिथली लाकूडतोड हिवाळ्यातच चालते, कारण जमीन गोठल्याशिवाय अवजड ट्रक आत नेता येत नाही. त्या वनरस्त्यांवरून ट्रेलही जातात. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवा असते, तो जमिनीवर गोधडीसारखा पडून राहतो आणि खालची माती गोठू देत नाही. म्हणून ठेकेदार रस्ता मातीपर्यंत खरवडतो, थंडी आत शिरू देतो, मग तीच दलदल काँक्रीटसारखी होते. स्नोमोबीलवाल्याला मात्र त्याच रस्त्यावर गोधडी हवी असते. मग बोलणी होतात. चार बोटं बर्फ ठेवा, शनिवार-रविवारी ट्रक बंद ठेवा, निदान पाटी लावा. कधी जमतं, कधी ट्रेल बाजूच्या झाडीतून वळवावी लागते.

नांगराला शिव्या देणारेच कोरड्या हिवाळ्यात त्याच्या नावाने दिवा लावतील. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींमधला सर्वांत उबदार ठरला. डुलुथजवळची जॉन बेअरग्रीझ ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यतसुद्धा बर्फाअभावी रद्द करावी लागली. अशा वर्षी शेतं उघडी असतात आणि दोन लेनवरचा बर्फ ओढून चरात टाकणारा नांगर हाच काय तो पुरवठादार.

एप्रिलमध्ये माझ्या दारातला बांध काळा पडतो, खालून पोकळ होतो आणि एक दिवस कोसळतो. मागे राहते पोतंभर वाळू. गावाबाहेर रस्त्याला लागलं की शेतं ओली, काळी दिसतात, पण चराच्या तळाशी एक अरुंद पांढरी पट्टी मैलोन्‌मैल सोबत येते. सगळा हिवाळा दाबली गेलेली ट्रेल. आजूबाजूचा बर्फ गेल्यावरही ती कितीतरी दिवस तशीच पडून असते आणि तिच्याखालचं गवत सगळ्यात शेवटी हिरवं होतं.