मुलांना गिटारची ओळख

लहान मुलांना गिटार वाजवायला शिकवता शिकवता तिचा इतिहासही सांगायचा, असा हा प्रकार, आणि नागपुरात तो जास्त करून उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या क्लासमधे होतो. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे काही स्वर, कशी धरायची ते क्लासमधे कळतंच, गाडी अडते ती इतिहासापाशी.

पोरांना सहसा सांगतात की प्राचीन ग्रीकांच्या किथारा या तंतुवाद्यापासून गिटार आली. नाव जुळतं हे खरं, पण किथाराला मानच, म्हणजे तारांखालची लांब पट्टीच, नव्हती, तारा वरच्या आडव्या दांडीपासून खाली ताणलेल्या, म्हणजे पट्टीवर तार दाबून स्वर बदलायची सोयच नाही, आणि गिटारचा सगळा जीव तर त्यातच आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ आणि गिटारचे अभ्यासक मायकेल काशा यांनी 1968 मधे हीच गोष्ट जोरात मांडली आणि तुर्कस्तानातल्या अलाजा ह्युयुक इथल्या हित्ती (तिथले एक प्राचीन लोक) शिल्पाकडे बोट दाखवलं. हे शिल्प साधारण इ.स.पू. 14व्या-13व्या शतकातलं मानतात, त्यातल्या वादकाच्या हातात लांब मानेचं, कडा आत वळलेलं वाद्य आहे. पण तिथून स्पेनपर्यंत दोन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर, मधले पुरावे विरळ, त्यामुळे त्याला थेट पूर्वज म्हणण्यापेक्षा लांबचा नातेवाईक म्हटलेलं बरं. तिसरं मत ऊद या अरबी तंतुवाद्याचं, जो 711 नंतर अरबांच्या राजवटीत स्पेनमधे रुजला, मात्र त्याची पाठ गोल आणि मानेवर फ्रेट, म्हणजे स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या, नाहीत. मानवाल्या वाद्यांची दोन-तीन घराणी स्पेनमधे एकमेकांत मिसळली हे मत जास्त पटण्यासारखं आहे, 13व्या शतकातल्या 'कांतिगास' या स्पेनमधल्या गीतांच्या हस्तलिखितातल्या चित्रांत अशी वेगवेगळ्या घाटाची वाद्यं शेजारी शेजारी दिसतात, मुलांना ती चित्रं जरूर दाखवावीत.

16व्या शतकात गिटारला तारांच्या चार जोड्या, मग पाच, आणि 18व्या शतकाच्या अखेरीस सहा सुट्या तारा. आजचा आकार मुख्यतः स्पॅनिश गिटार-कारागीर आंतोनियो दे तोरेस (1817–1892) यांचा. त्यांनी 1862 च्या सुमारास पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, फक्त वरची फळी लाकडाची ठेवली, का तर आवाज मुख्यतः त्या फळीचा हे दाखवायला. पोट्ट्यांना अख्ख्या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, आणि ती ऐकली की मुलं आपणहून गिटारच्या फळीवर बोटानं टकटक करून बघतात, तिथून पुढचं शिकवणं सोपं जातं.

सात-आठ वर्षांच्या मुलाला अर्धी किंवा पाऊण साइज घ्यावी, नायलॉनच्या तारांची, कारण स्टीलच्या तारांनी कोवळी बोटं सोलतात आणि पोरगं गिटार टाकून देतं. नायलॉनच्या तारा तशा अलीकडच्या, 1940 च्या दशकातल्या, त्याआधी आतड्याच्या असायच्या.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि घरोघरी कूलर चालू असतो. कूलरच्या ओल्या हवेनं लाकूड फुगतं, बंद केला की कोरड्या उन्हानं आकसतं, ट्यूनिंग रोज उतरतं, कधी फळीला तडाही जातो. म्हणून गिटार कूलरच्या झोतात ठेवू नये, वाजवून झाली की कव्हरमधे घालून आतल्या भिंतीला टेकवावी.