'लाय' आणि 'ले' : हा घोटाळा आला कुठून?

'लाय' म्हणजे आडवे होणे आणि 'ले' म्हणजे वस्तू ठेवणे, हे इंग्रजी शिकणारा प्रत्येक जण एकदा तरी घोकतो. बोलायची वेळ आली की मात्र पुन्हा घोटाळा होतोच. त्यात दोष पाठांतराचा कमी आणि या जोडीच्या इतिहासाचा जास्त.

मराठी माणसाला तो इतिहास खरे तर चटकन कळावा. आपण निजतो, बाळाला निजवतो. भिंत पडते, कुणीतरी ती पाडतो. अशी प्रयोजक क्रियापदे घडवायची सोय इंग्रजीच्या पूर्वज जर्मानिक भाषेतही होती. धातूतला स्वर बदलायचा आणि पुढे 'य'सारखा प्रत्यय लागायचा. जुन्या इंग्रजीत 'लिज्जन' म्हणजे पडून असणे, 'लेज्जन' म्हणजे ठेवणे. 'सिट' आणि 'सेट' हे आपले बसणे-बसवणेच. 'फॉल'चा जोडीदार 'फेल', म्हणजे झाड पाडणे (नापासाशी त्याचा काही संबंध नाही). 'ड्रिंक'वरून 'ड्रेंच' झाले. तेव्हा अर्थ होता पाजणे, आता चिंब भिजवणे. 'राइझ'शेजारचे 'रेझ' मात्र स्कँडिनेव्हियातून आलेल्यांच्या नॉर्स भाषेतले. त्याचे अस्सल इंग्रजी भावंड 'रेअर' आता मुख्यतः मुले-गुरे वाढवण्यापुरते उरले आहे.

पुढे तो प्रत्यय झिजून गेला. जोड्या राहिल्या, पण त्यांच्यातले नाते कानाला कळेनासे झाले.

त्यात 'लाय'चा भूतकाळ नेमका 'ले'. शिवाय 'लेड डाउन' भरभर म्हटले की दोन 'ड' एकात एक मिसळतात आणि 'ले डाउन'च ऐकू येते. 14व्या शतकापासून खुद्द इंग्रजही 'लाय'च्या जागी 'ले' वापरत आले. 18व्या शतकाच्या उत्तरार्धात व्याकरणकारांनी त्यावर बोट ठेवले आणि शाळांतून ती चूक ठरली. तरीही 1818 साली बायरनने कवितेत 'लाय' हवे तिथे बेधडक 'ले' लिहिले. यमक जुळत होते ना!

खोटे बोलण्याचा 'लाय' मुळातच निराळा धातू. त्याचा भूतकाळ सरळ 'लाइड' होतो, पण उच्चार सारखा असल्याने गुंता वाढवायला तोही हजर.

'सिट' आणि 'सेट' यांची गल्लत त्या मानाने फार कमी होते. 'सिट'चा भूतकाळ 'सॅट' आहे, 'सेट' नाही.