कुलवृत्तांताची संगणकीय नोंद

कुटुंबातील व्यक्ती, त्यांची नाती आणि त्या नात्यांचे पुरावे संगणकावर जतन करण्याची पद्धत. घरचा पहिला प्रयत्न बहुधा एक्सेलच्या तक्त्यावर होतो व एका व्यक्तीला एक ओळ मिळते. दुसरे लग्न किंवा दत्तकविधान आले की तक्ता अपुरा पडतो, कारण दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदाते आणि दत्तक असे दोन्ही आईवडील दाखवावे लागतात. ग्रँप्ससारख्या मोफत वंशावळ-सॉफ्टवेअरमध्ये व्यक्ती, कुटुंब, घटना व पुरावा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवून परस्परांशी जोडता येतात, म्हणून थोड्या मोठ्या घराण्यालाही तेच सोयीचे ठरते.

नवी मुंबईच्या गावठाणांत या कामाला जमिनीचा संदर्भ आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याच्या योजनेत, मूळ खातेदार हयात नसल्यास वारस सिद्ध करावे लागतात, आणि त्यासाठी सातबारा, फेरफार व मृत्यूचे दाखले बाहेर निघतात. सातबाऱ्यावर ‘हिराबाई’, मतदारयादीत ‘हिरूबाय’ आणि सासरच्या कागदांत ‘लक्ष्मी’ असलेली बाई एकच असते. तिची तिन्ही नावे, प्रत्येकाच्या कागदासह, एकाच नोंदीत ठेवता आली पाहिजेत. ज्या पद्धतीत माहेरचे नाव पुसून सासरचे लिहावे लागते ती मराठी घरासाठी नाकारावी. वंशावळीचा तक्ता मात्र वारस दाखल्याची जागा घेत नाही.

स्थळ घटनेच्या काळानुसार लिहावे: उरणचा १९८१ पूर्वीचा जन्म कुलाबा जिल्ह्यातला, आणि वसईचा जुलै २०१४ पर्यंतचा ठाणे जिल्ह्यातला, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तारखांची अडचण याहून मोठी आहे. घरात श्राद्धामुळे तिथी पक्की लक्षात असते, पण बहुतेक सॉफ्टवेअरच्या तारखेच्या रकान्यात ‘भाद्रपद वद्य नवमी, शके १८४०’ बसत नाही. शकात ७८ मिळवून १९१८ हे साल रकान्यात भरावे (जानेवारी ते चैत्रारंभ या काळासाठी ७९ मिळवावे) आणि मूळ तिथी टिपणात जशीच्या तशी ठेवावी. आजीने सांगितलेले शब्द हाच पहिला पुरावा असतो.

सॉफ्टवेअर बंद पडते, म्हणून निवडीची खरी कसोटी त्यातून माहिती बाहेर काढता येते की नाही ही आहे. जेडकॉम हा १९८४ पासूनचा देवाणघेवाणीचा नमुना त्यासाठी सर्वत्र चालतो. २०२१ च्या ७.० आवृत्तीत युनिकोडच, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान अक्षर-संकेतपद्धतीच, वापरावी लागते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली वंशावळ तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांत उघडते. ती आधी युनिकोडमध्ये बदलून, एकेक नाव मूळ कागदाशी ताडून पाहावे. साध्या जेडकॉम फाइलमध्ये छायाचित्रे व फेरफारांच्या प्रती नसतात, त्या कुठे ठेवल्या आहेत एवढेच असते. त्यामुळे फाइल पाठवताना चित्रांचा फोल्डरही सोबत द्यावा लागतो.