उडी दाबून धरण्याचे शास्त्र

१७ फेब्रुवारी २००६ रोजी इटलीतील बार्दोनेक्किया येथे तुरिन हिवाळी ऑलिंपिकमधील महिलांच्या स्नोबोर्ड क्रॉसची, म्हणजे पायांना बांधलेल्या एकाच फळीवरून हिमाचा उतार उतरण्याच्या शर्यतीची, अंतिम फेरी सुरू होती. अमेरिकेची वीस वर्षांची लिंडसी जॅकोबेलिस शेवटून दुसऱ्या उडीपाशी पोहोचली, तेव्हा तिच्या आणि मागून येणाऱ्या स्वित्झर्लंडच्या तान्या फ्रीडेनच्या मध्ये सुमारे ४३ मीटरचे, म्हणजे जवळजवळ तीन सेकंदांचे अंतर होते. हवेत गेल्यावर तिने गुडघे दुमडले, पाठीची कमान केली आणि पुढचा हात खाली नेऊन टाचांच्या बाजूने फळीची कड पकडली. या कसरतीला स्नोबोर्डवाले ‘मेथड’ म्हणतात. फळी खाली टेकली ती कडेवर, आणि जॅकोबेलिस पडली. ती सावरून पुन्हा निघेपर्यंत फ्रीडेन पुढे निघून गेली होती. स्नोबोर्ड क्रॉस त्याच वर्षी प्रथम ऑलिंपिकमध्ये आला होता, आणि त्याचे पहिले महिला सुवर्णपदक असे हातातून निसटले.

या पडण्यावर पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेकांनी ते अतिउत्साहाची शिक्षा म्हणून लिहिले. मला त्यातले भौतिकशास्त्र अधिक बोलके वाटते, कारण या शर्यतीत कसरत न करताही हवेत राहणे तोट्याचेच असते.

स्नोबोर्ड क्रॉसमध्ये चार, काही स्पर्धांत सहा, खेळाडू एकाच वेळी दारातून सुटतात आणि साधारण एक किलोमीटर लांबीच्या, उंचवटे, वळणे व उड्या असलेल्या हिमाच्या मार्गावरून खाली येतात. दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात आणि हातात काठी नसते. त्यामुळे सुटताना दाराच्या मुठी ओढून शरीर पुढे झोकून दिले, की त्यानंतर वेग मिळतो तो फक्त उतारावरून. फळी हिमावर टेकलेली असते तोवर गुरुत्वाकर्षणाचा उताराच्या दिशेतील भाग खेळाडूला सतत पुढे ओढत राहतो. उंचवटा त्याला वर फेकतो तेव्हा पुढे जाण्याच्या वेगातला काही भाग उंचीत बदलतो. ती उंची खाली येताना पुन्हा वेगाच्या रूपात परत मिळते खरी, पण त्यातला हिमाच्या पृष्ठभागाला काटकोनात असणारा भाग टेकण्याच्या धक्क्यात वाया जातो आणि तो गुडघ्यांना सोसावा लागतो. म्हणून जाणता खेळाडू उंचवटा येताच पाय पोटाशी ओढून घेतो, उडी जणू दाबून टाकतो, आणि उतरणीला लागताच पाय लांब करून फळी हिमावर रेटतो. झोका चढवताना आपण नेमक्या क्षणी गुडघे वाकवतो आणि सरळ करतो, त्याच जातीची ही युक्ती आहे.

आता ‘मेथड’कडे पाहू. हवेत आधाराला काहीच नसल्याने शरीर आणि फळी यांचा मिळून असलेला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर, बदलता येत नाही. पाय आणि फळी एका दिशेने वळवली, तर धड विरुद्ध दिशेने वळते, आणि फळी पुन्हा प्रवासाच्या दिशेला आणायची तर हीच हालचाल उलट करावी लागते. त्यासाठी वेळ हवा असतो, आणि तो किती मिळणार हे उंचवट्याच्या टोकावर पाय सुटले त्याच क्षणी ठरलेले असते. फळी जरा तिरकी टेकली, की तिची धारदार पोलादी कड हिमात रुतते, फळी थबकते आणि वरचे शरीर मात्र आपल्या वेगाने पुढे जात राहते.

फळीचा तळ हा या खेळातला कमी दिसणारा, पण अतिशय महत्त्वाचा भाग आहे. तो सच्छिद्र पॉलिथिलीनचा असतो, त्यावर इस्त्रीने मेण वितळवून जिरवतात आणि वरचे जास्तीचे मेण खरवडून काढतात. घर्षणाच्या उष्णतेने हिमाचा अतिशय पातळ थर मऊ होऊन ओलसर बनतो आणि फळी त्यावरून घसरते. हे ऐकून आपल्याला कॅरमच्या पटावरची पावडर आठवते, पण साम्य अर्धेच आहे, कारण इथे वंगणाचे काम मुख्यतः तो ओलसर थरच करतो आणि मेण तळाला पाणी चिकटू देत नाही. थंडी फार असेल तर हा थर नीट तयार होत नाही, हिमकण वाळूसारखे खरखरीत लागतात आणि कठीण जातीचे मेण वापरावे लागते.

जॅकोबेलिसची कारकीर्द २००६ मध्ये संपली नाही. तिने एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत दहा सुवर्णपदके जिंकली आणि २००५ ते २०१७ या काळात पाच वेळा वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवले. २०१२ मध्ये तिच्या गुडघ्यातील क्रूसीय अस्थिबंध फाटला. मांडीचे हाड आणि नडगी यांना एकमेकांवरून घसरू न देणारा हा बंध गुडघा पिळवटला की तुटू शकतो, आणि पाय फळीला जखडलेल्या खेळाडूचा गुडघा आदळताना सगळ्यात जास्त भार घेतो. शस्त्रक्रियेनंतर ती परतली, पण ऑलिंपिक तिला चकवतच राहिले. २०१० मध्ये व्हँकुव्हरला उपांत्य फेरीत मार्ग दाखवणारे एक फाटक चुकल्याने ती बाद ठरली, २०१४ मध्ये सोचीला उपांत्य फेरीतच पडली आणि २०१८ मध्ये प्याँगचांगला चौथी आली. त्या वेळी कांस्यपदक ०.००३ सेकंदाने गेले. ताशी ६० किलोमीटर वेगाने इतक्या वेळात जेमतेम ५ सेंटीमीटर अंतर कापले जाते, म्हणजे आगपेटीच्या लांबीएवढे.

अशा फरकांमागे पुष्कळदा हवा असते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. पुढचा खेळाडू ही हवा फोडत जातो, आणि त्याच्या मागे लपलेल्याला कमी रोध सोसावा लागल्याने तो शेवटच्या सरळ टप्प्यावर बाजूला सरकून पुढे झेपावू शकतो. आघाडीवर असणे म्हणूनच निर्धास्त नसते.

९ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंग ऑलिंपिकच्या झांगजियाकौ येथील मार्गावर, वयाच्या ३६ व्या वर्षी, जॅकोबेलिस आघाडीचे हेच ओझे अंगावर घेऊन उतरली. तिथले हिम जवळपास सगळे यंत्रांनी तयार केलेले होते. नैसर्गिक हिमाच्या सहा पाकळ्यांच्या स्फटिकांऐवजी त्यात गोठलेल्या थेंबांचे बारीक, गोलसर कण असतात. ते घट्ट बसत असल्याने मार्ग कठीण आणि वेगवान होतो, पण त्यावर पडले तर मारही तितकाच बसतो. फ्रान्सची क्लोए ट्रेस्पुश शेवटपर्यंत तिच्या मागे होती. शेवटच्या उड्यांवर जॅकोबेलिस खाली झुकून राहिली, तिचे हात फळीकडे गेले नाहीत, आणि सुवर्णपदक तिचे झाले. त्या खेळांतले अमेरिकेचेही ते पहिलेच सुवर्ण होते. तीन दिवसांनी, चाळीस वर्षांच्या निक बाउमगार्टनरबरोबर, तिने मिश्र सांघिक शर्यतही जिंकली.