निंफ फ्लाय

निंफ फ्लाय : पाण्याखाली वाढणाऱ्या कीटकाच्या बाल्यावस्थेची नक्कल करणारे, हुकावर पिसाचे तंतू व तार गुंडाळून केलेले आमिष. वर येऊन माशी टिपणारा मासा आपल्या नजरेत भरतो, पण त्याचे बरेचसे खाणे पाण्याखालीच उरकते. म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या, माशीची नक्कल करणाऱ्या फ्लायपेक्षा निंफ जास्त दिवस उपयोगी पडते.

सर्वांत प्रसिद्ध निंफ इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांची. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स, दोरासुद्धा नाही. हुकावर आधी तारेचा थर द्यायचा, पुढच्या बाजूला जादा वेढे घेऊन छातीचा फुगवटा करायचा आणि तार परत मागे आणायची. तिथे चार तंतू, टोके शेपटीएवढी बाहेर ठेवून, आवळायचे. मग तंतू तारेवर पिळून दोन्ही एकदमच हुकाच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्रापर्यंत, गुंडाळायचे. शेवटी तंतू सुटे करून छातीवर मागे-पुढे दुमडले की पंखकोशाचा (न उघडलेल्या पंखांच्या पिशवीचा) गडद उंचवटा तयार होतो. पाय मुद्दाम नाहीत, कारण पोहताना खरी निंफ पाय अंगालगत घेते, असे सॉयर यांचे निरीक्षण होते. नवशिके नेमके इथेच पिसे वाढवत बसतात.

नाशिकमध्ये तारेची चिंता नाही. मोटार वाइंडिंगच्या दुकानात ३६ ते ३८ गेजची इनॅमल तार मिळते. फेझंटऐवजी टर्कीच्या शेपटीचे तपकिरी पीस चालते.

सॉयर यांची निंफ ज्यासाठी होती तो ट्राउट मासा नाशिकच्या पाण्यात नाही, त्यामुळे इंग्लंडचा नमुना जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. दारणा, गंगापूर धरणांच्या संथ, शेवाळी कडांना टाचणीची (चतुरासारख्या बारीक कीटकाची) निंफ अधिक पटते : सडपातळ, हिरवट, शेपटीशी पानांसारखे तीन कल्ले. त्यासाठी लांब दांड्याचा हुक आणि हिरवट रंगवलेले मऊ पीस घ्यावे. असे आमिष चिलापी (तिलापिया) घेते, सायप्रिनस (कॉमन कार्प) मासाही घेतो.

संथ पाण्यात निंफ तळाकडे जाऊ द्यावी आणि दोरी बोटभर-बोटभर, मध्ये थांबत ओढावी. झटका क्वचितच जाणवतो; दोरी जराशी अडली की रॉड उचलायचा. वाहत्या गोदावरीत प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून निंफ पाण्याच्या वेगानेच येऊ द्यावी. मासा दिसत असेल तर ती त्याच्याजवळ येताच रॉडचे टोक हलकेच वर घ्यावे. वर निघालेला कीटक समजून तो झडप घालतो. सॉयर यांची ही युक्ती आमिषापेक्षाही मोलाची. पावसाळ्यात गढूळ लोंढ्यात निंफ दिसतच नाही. तेव्हा गांडूळवाल्यांचीच चलती. पाणी निवळते दिवाळीच्या सुमारास.

धरणांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. रॉड जोडण्याआधी तिथे विचारून घ्यावे.