भिंत बांधणाऱ्या पुटिका

बोंड उकललं की सरकीला चिकटलेला कापूस आपण सहज ओढून काढतो. त्यातला एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकेक पेशी, लांबत लांबत तीनेक सेंटिमीटरपर्यंत गेलेली. पेशी मरते आणि मागे उरते ती तिची भित्तिका, जवळपास निव्वळ सेल्युलोजची. विदर्भातला शेतकरी वेचतो ती हीच भिंत. तिच्यासाठी पेशीच्या आत केवढी ने-आण चालते, हे कळायला मात्र तीनशे वर्षं जावी लागली.

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा काप पाहिला, तेव्हा त्याला रिकाम्या खोल्याच दिसल्या. भित्तिका म्हणजे निर्जीव कुंपण, हा समज त्यानंतर फार काळ टिकला. त्याला खरा धक्का बसला तो माझ्या मते १९६६ मध्ये. नॉर्थकोट आणि पिकेट-हीप्स यांनी गव्हाच्या मुळांच्या टोकांना थोडाच वेळ किरणोत्सारी ग्लुकोज दिलं आणि ते कुठे जातं यावर पाळत ठेवली. आधी ते गॉल्जी पिंडात, म्हणजे पेशीतला माल तयार करून पाठवणाऱ्या भागात दिसलं, मग तिथून सुटणाऱ्या इवल्याशा पिशव्यांत, म्हणजे पुटिकांत, आणि शेवटी भित्तिकेत. भिंतीचा माल आत तयार होऊन बाहेर पोचवला जातो, हे इतक्या साध्या प्रयोगातून दिसलं.

पण ही वाहतूक चालवतं कोण? त्याचं उत्तर आधी मिळालं यीस्टमध्ये. रँडी शेकमन आणि पीटर नोविक यांनी १९७९-८० मध्ये असे यीस्ट शोधले, ज्यांच्या आत माल साचून राहतो आणि पेशी जड होतात. त्यातून २३ जनुकं हाती लागली. पहिल्याचं नाव सेक१. याच वाटेवरच्या कामासाठी शेकमन यांना २०१३ चं नोबेल विभागून मिळालं.

वनस्पतींकडची वाट वेगळीच निघाली. जर्मनीत गेर्ड युर्गेन्स यांचा गट मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसची बिघडलेली रोपं गोळा करत होता. १९९१ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली. एकाचं नाव ‘क्नोले’, म्हणजे जर्मनमध्ये कंद, कारण रोप कंदासारखं गोळामोळा व्हायचं. दुसरं ‘कॉयले’, म्हणजे गदा. क्नोलेच्या पेशी पाहिल्या की काळजात चर्र होतं: केंद्रकं विभागलेली, पण मधली भिंत अर्ध्यातच थांबलेली. एकाच खोलीत दोन-दोन केंद्रकं. १९९६ मध्ये कारण सापडलं. क्नोलेचं प्रथिन पुटिकांना एकमेकींत विलीन करणाऱ्या सिंटॅक्सिन घराण्यातलं निघालं. पुटिका यायच्या, पण जुळायच्या नाहीत. पुढे २००१ मध्ये कॉयले हा यीस्टच्या त्याच सेक१ चा नातलग निघाला!

सेल्युलोजची गोष्ट थोडी निराळी. पेक्टिन आणि हेमीसेल्युलोज हे भित्तिकेतले इतर घटक गॉल्जीत तयार होऊन पुटिकांतून बाहेर येतात. सेल्युलोज मात्र पेशीपटलावर, म्हणजे भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्यावरच विणलं जातं. पण ते विणणारं यंत्रच पुटिकेतून तिथे पोचवावं लागतं. त्या यंत्राचं वनस्पतींमधलं जनुक पहिल्यांदा सापडलं ते १९९६ मध्ये, कापसाच्याच तंतूंत. दहा वर्षांनी स्टॅनफर्डच्या कार्नेगी संस्थेत जिवंत पेशीत चमकणारी ही यंत्रं सूक्ष्मनलिकांच्या, म्हणजे पेशीतल्या बारीक नळ्यांच्या रुळांवरून सरकताना दिसली, मिनिटाला साधारण ३०० नॅनोमीटर.

२०१३ मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिसच्याच ‘एकिड्ना’ या जनुकाचा तपशील बाहेर आला. ते बिघडलेल्या रोपांत माल तयार होतो, पण भित्तिकेचा पत्ता चुकून रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत जाऊन पडतो. अशी रोपं खुजीच राहतात.