एक नाव, दोन तिवर

ठाण्याच्या खाडीकाठी उन्हाळ्यातल्या दुपारी तिवराचे पान बोटांत चोळले, तर बारीक साखरेसारखे खडे हाताला लागतात; जिभेवर ठेवले की कळते, ते मीठ आहे. तिवर, म्हणजे ॲव्हिसेनिया मरिना, खाऱ्या पाण्यातले बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवतो आणि जे आत शिरते ते पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतो. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे त्याची श्वसनमुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात आणि त्यांच्यावरील छिद्रांतून हवा आत खेचली जाते. गेली तीस वर्षे मी या आणि अशाच पाणथळ जागच्या वनस्पतींचा, तसेच काठावरची माणसे त्यांचा जो उपयोग करत आली त्याचा अभ्यास करते आहे.

मुंबईत या कामाला जुनी परंपरा आहे. १९०३ साली स्वित्झर्लंडहून आलेले, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे एथेलबर्ट ब्लॅटर यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता १९०५ साली मुंबई इलाख्यातील खारफुटीवर, म्हणजे तिवरासारख्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांवर, शास्त्रीय लेख लिहिला. त्यांच्या नावाचे हर्बेरियम आजही त्या महाविद्यालयात आहे. वाळवून कागदावर डकवलेला नमुना आणि त्याच्या कोपऱ्यातील चिठ्ठी एवढीच हर्बेरियमची सामग्री असते. परंतु शंभर वर्षांनी कोणी शंका काढली, तर तिचे उत्तर त्या कागदावरच शोधावे लागते.

हे मला उमगले ते माझ्याच एका चुकीमुळे. सुरुवातीच्या वर्षांत एका कोळीवाड्यातील आजींनी मला सांगितले की तिवराची साल ठेचून पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात. मी समोरच्या खाडीतील तिवराचा नमुना घेतला, चिठ्ठीवर तो उपयोग लिहिला आणि निश्चिंत झाले. पुढे कित्येक महिने मला त्या सालीत मासे गुंगवणारे काही सापडेना. अखेर मी ती फांदी घेऊन पुन्हा आजींकडे गेले, तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "यो नाय गो बाय, तो नदीवरचा तिवर." त्यांचे माहेर आतल्या बाजूला, नदीकाठच्या गावी होते. पावसाच्या तोंडाशी लाल फुलांच्या लांब माळा लोंबतात आणि सकाळी झाडाखाली सडा पडतो, ही खूण त्यांनी सांगितली, तेव्हा कोडे सुटले. ते झाड बॅरिंगटोनिया होते. त्यालाही कित्येक गावांत तिवर म्हणतात, कुठे निवर, तर फळाला समुद्रफळ. त्याच्या सालीत आणि बियांत सॅपोनिन नावाची, पाण्यात फेस आणणारी द्रव्ये असतात. ती माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करतात, त्यामुळे मासा गुदमरून वर येतो. माणसाच्या आतड्यातून मात्र ती फारशी शोषली जात नाहीत, म्हणून असे मासे लोक खात आले. आजींची माहिती शंभर टक्के खरी होती; चुकीच्या झाडाला ती मी चिकटवली होती.

तेव्हापासून झाड समोर ठेवल्याशिवाय मी कोणताही उपयोग लिहून घेत नाही, आणि सांगणाऱ्याचे मूळ गावही विचारते. मुंबईत हे फार आवश्यक आहे, कारण येथे प्रत्येक जण आपल्या गावचे नाव बरोबर घेऊन आलेला असतो. ब्राह्मीचेच पाहा. बाजारात ब्राह्मी म्हणून मिळणारी गोल, कातरलेल्या कडांच्या पानांची वेल पुष्कळदा मंडूकपर्णी, म्हणजे कोथिंबिरीच्या कुळातील सेंटेला असते. जलब्राह्मी, बाकोपा, ही जाड, चिमुकल्या पानांची निराळी वनस्पती आहे आणि दोघींतील औषधी द्रव्येही निराळी आहेत. त्यातच जलब्राह्मी ज्या पाण्यात वाढते त्यातील कॅडमियमसारखे जड धातू शोषून अंगात साठवते. शहरातल्या नाल्याकाठून खुडलेली ब्राह्मी कोणी घरी नेताना दिसली, की मी थांबून त्यांना हे सांगतेच.

काही उपयोग आता केवळ आठवणीत उरले आहेत. कांदळ या खारफुटीतल्याच दुसऱ्या झाडाची साल उकळून त्या पाण्यात सुती जाळी बुडवत; सालीतील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ती लवकर कुजत नसत. नायलॉनची जाळी आल्यावर साल उकळण्याची गरज संपली. चिप्पी या झाडाला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य खारफुटी वृक्ष हा मान मिळाला, पण तिच्या श्वसनमुळांचे लाकूड बुचासारखे हलके असते आणि त्याचे तुकडे जाळ्याला तरंगत ठेवायला बांधत, हे तरुण कोळ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आजींनी माळ्यावरून काढून असाच एक तुकडा मला दिला होता. मध्ये दोरी ओवायचे भोक, कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या. चिप्पीच्या नमुन्याच्या कागदावर एका लहान पाकिटात तो ठेवला आहे. तिवराच्या कागदावरची माझी पहिली चिठ्ठीही तशीच आहे, कारण जुनी चिठ्ठी काढून टाकायची नाही असा हर्बेरियमचा नियम असतो; तिच्याखाली दुसरी चिठ्ठी लावून मी लिहिले, "हा उपयोग या झाडाचा नाही, नदीवरच्या तिवराचा आहे."